सातव्या भागातलं गाजरगवत

रविवार, तीन जुलै. सकाळी सात पंचवीस.
हजर: मुकादम, मुलगी, जावई, मुलगा, सून. गैरहजर: बायको (गुडघे).
हवामान ढगाळ, जमीन ओली. काम: गाजरगवत उपटणे, भाग एक आणि दोन.

ही नोंद माझ्या हस्ताक्षरात आहे, पण मजकूर बाबांचा. ते फाटकाशी उभं राहून सांगत होते आणि मी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून लिहीत होते. मुकादम म्हणजे ते स्वतः. रेल्वेच्या गँगवर त्यांनी पस्तीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त मुकादम म्हणून. हजेरी घेतल्याशिवाय काम सुरू झालं असा एक दिवस त्यांच्या नोकरीत नव्हता. माणूस रुळांवर आहे आणि तो नेमका कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, यापेक्षा वाईट गोष्ट नाही, असं ते म्हणत. म्हणून घरच्याच चौघांना त्यांनी पादरा गावाच्या पुढे असलेल्या आपल्या अडीच विघ्यांच्या, म्हणजे दीड एकराच्या, तुकड्यावर ओळीत उभं केलं.

"मुलगा?"

"आहे," धाकटा भाऊ जांभई देत म्हणाला.

"आहे काय? हाजिर म्हण."

"बाबा, आज रविवार आहे."

"रुळाला रविवार नसतो."

"इथे रूळ कुठे आहेत?"

"हाजिर म्हण, म्हणजे दिसतील."

भावजय स्कूटरवर घालते तसे कोपरापर्यंतचे पांढरे हातमोजे, तोंडाला ओढणी आणि काळा चष्मा घालून आली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "सूनबाई, गवत उपटायचंय, बँक लुटायची नाही." ती ओढणीच्या आत हसली आणि "हाजिर" म्हणाली. माझ्या नवऱ्याने तर सावधान उभं राहून हाजिर म्हटलं. तो बाबांना फार मानायचा, आणि बाबा त्याला जावईबापू म्हणत म्हणत सर्वांत जास्त राबवून घ्यायचे.

माझ्या याद्या हा घरातला जुना विनोद आहे. रावपुऱ्यातल्या कचेरीत मी आस्थापना सांभाळते, तिथेही आणि घरीही माझं काम यादीवर चालतं. काम झालं की समोर टिकली, म्हणजे बरोबरची खूण. त्या दिवसाच्या यादीत बावीस वस्तू होत्या: खुरपी, विळे, गोण्या, टोप्या, पाण्याचे दोन कॅन, मीठ-साखरेच्या पुड्या, मेथीचे थेपले, बटाट्याचं सुकं शाक, आईने बरणीत भरून दिलेली लसणाची चटणी. रबरी हातमोजे, पाच जोड. वस्तू गाडीतून उतरल्या तशी मी एकेका वस्तूवर खूण केली. हातमोज्यांवरही केली. बाबांनी त्यांचा जोड घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला.

"घाला ना," मी म्हटलं.

"मोजा घातला की मूळ कळत नाही. वरून ओढलं की तुटतं. मातीत बोट घालून गड्डा धरायचा, किंचित हलवायचा, मग उचलायचं. मला गवत शिकवू नकोस, बाळ. माझा सगळा जन्म खडीतलं गवत काढण्यात गेलाय."

ते खरंच होतं. आणि ते फार सुंदर काढत. उकिडवे बसून, डावा हात मागे कमरेवर, उजव्या हाताने गड्डा धरून. झाडाची माती झटकायची, मुळं आभाळाकडे करून मागे ठेवायचं. त्यांच्यामागे उपटलेल्या झाडांची एक सरळ रेघ राहायची, दोरी लावल्यासारखी. आमच्या रेघा पार वेड्यावाकड्या.

ज्यांनी हे गवत पाहिलेलं नाही त्यांना सांगते. आधी जमिनीलगत पानांची एक चकती पसरते. पानं गाजराच्या पाल्यासारखी, दिसायला गोंडस. तेव्हाच उपटलं तर काम सोपं. मग ते उंच होतं, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि त्याला साबुदाण्याएवढी पांढरी फुलं येतात. फुलं आल्यावर हात लावला तर आपणच बी पसरवतो. म्हणजे वर्षात मोजके रविवार हातात असतात. जमीन ओली हवी आणि फुलं नसायला हवीत. ते रविवार चुकले की पुढचं वर्ष.

आमच्या जमिनीवर ते आधी नव्हतं. बांधावर वेडी बाभूळ होती. तिचं गुजराती नाव आई आजही तोंडातून काढत नाही, मराठी कानाला ते शिवीसारखं लागतं. पण आत सगळं गवताचं रान होतं, जनावरांना चालणारं, गुडघाभर, मऊ. शेजारी गावाचं गोचर, म्हणजे गायरान. पलीकडच्या घरातली, दोन म्हशी पाळणारी म्हातारी आमच्याही रानात म्हशी सोडायची आणि बदल्यात आम्ही गेलो की छास, म्हणजे ताक, पाजायची. तिला सारे बा म्हणत, आम्हीही बा म्हणायचो.

गवत आलं ते बाबांच्या घराबरोबर. निवृत्तीनंतर त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: या तुकड्यावर दोन खोल्या बांधायच्या, एक गाय ठेवायची आणि तिथे राहायला जायचं. वासण्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभं राहून ते खालच्या पार्किंगमधल्या फरश्यांच्या फटींत उगवलेलं गवत बघत. मनातल्या मनात ते उपटत असणार. घरासाठी त्यांनी ट्रकभर रेती आणि ट्रकभर दगडी कपची आणून टाकली, पाया आखला, चार कोपऱ्यांना चुना मारलेल्या विटा ठेवल्या. मग आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आलं, एकाचं, मग दुसऱ्याचं, आणि दोन पावसाळे तिकडे कुणी फिरकलंच नाही. आम्ही गेलो तेव्हा रेतीचा ढीग दिसत नव्हता. त्याच्या जागी हिरवी टेकडी होती, पांढऱ्या फुलांनी भरलेली, आणि तिथून ते गवत सगळ्या रानात उतरलेलं होतं.

बा तिच्या बांधावरून म्हणाली, "मोटाभाई, आ तमारी रेती साथे आव्युं." तुमच्याच रेतीबरोबर आलं. तिच्या आवाजात राग नव्हता. चाऱ्याच्या भाऱ्यात ते चुकून गेलं की म्हशीचं दूध कडू येतं, एवढं तिने सांगितलं आणि छास आणायला आत गेली.

बाबांनी त्याच दिवशी जमिनीचे सात भाग पाडले. कोपऱ्याकोपऱ्यात विटा, विटांवर चुना, चुन्यावर गेरूने आकडे, रुळांच्या कडेला असतात तसे. फाटकाजवळचा एक. पाया आखला होता तो सात. "सर्वांत वाईट भाग शेवटी," ते म्हणाले. "आधी चांगल्या रुळावरून गाडी सुरू करायची."

पहिल्या वर्षी आमचे चार भाग झाले. दुसऱ्या वर्षी पाच भाग पुन्हा करावे लागले, कारण मातीतलं जुनं बी उगवून आलं. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. "असंच असतं. रूळ एकदा साफ करून कुणी घरी बसत नाही."

त्या दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचे हात खाजायला लागले. मग मनगटं. मग मान, कानांच्या पाळ्या, आणि शेवटी पापण्या. कातडी जाड झाली, रंग काळपट पडला, बोटांच्या पेरांवर चिरा गेल्या. आई खोबरेल तेल लावत राहिली. मी नेलं ते ऑगस्टच्या अखेरीस. म्हणजे आठ आठवडे उशिरा. माझ्या यादीत "बाबा – त्वचेचे डॉक्टर" ही ओळ चार वेळा पुढच्या पानावर गेली होती.

डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासलं आणि सांगितलं, या झाडाचीच ॲलर्जी आहे. एका दिवसाची नाही, आयुष्यभर साठत आलेली. आता हात लावायची गरज नाही, त्याचे कण हवेत असले तरी पुरेत.

"मग मोजे घालतो," बाबा म्हणाले.

"काका, मोज्यांच्या पुढे गेलंय हे. जिथे ते झाड आहे तिथे तुम्ही जायचं नाही."

"माझी जमीन आहे."

"मग आधी झाडाला घालवा. ते गेलं की खुशाल राहा."

डॉक्टर सहज बोलले असतील. पण बाबांनी ते अटीसारखं धरून ठेवलं. जिना उतरताना ते मला म्हणाले, "ऐकलंस ना? सात भाग साफ झाले की मी मोकळा." त्यांचं वय तेव्हा शहात्तर. तिथे राहायला जाणं सोडा, एक दिवस जाऊन उभं राहायचं तरी सात भाग साफ हवे होते. आणि ते करायचे आम्ही.

तेव्हापासून हजेरी फोनवर सुरू झाली. रविवारी सात पंचवीसला आम्ही फाटकाशी पोचलो की फोन वाजायचा. मी स्पीकर चालू करून बॉनेटवर ठेवायची. "मुलगी?" हाजिर. "जावई?" हाजिर. भावाची सुरतेला बदली झाली होती, भावजयही तिकडे गेली. तरी बाबा त्यांची नावं घेत आणि स्वतःच "गैरहजर, बदली" म्हणत. शेवटी "मुकादम?" असं विचारून क्षणभर थांबत आणि म्हणत, "गैरहजर, आजारी." हे दर रविवारी. स्वतःचं नाव एकदाही टाळलं नाही.

परत आईबाबांकडे आल्यावर आम्ही आधी खालच्या नळाशी हातपाय धुवायचो. कपडे पिशवीत बांधायचे, वर जाऊन डोक्यावरून अंघोळ, मगच बाबांच्या खोलीत. मी त्याची यादी करून दाराच्या आत चिकटवली होती. बाबा खिडक्या बंद केलेल्या गॅलरीत बसलेले असायचे, मांडीवर ती वही. मी सांगायची, ते लिहायचे. कोणता भाग, किती गोण्या, मुळासकट किती, तुटले किती. तुटलेले मी खरे सांगायची. ते मान हलवायचे. भागापुढे टिकली मी करायची, आणि खाली ते मोठ्या साहेबासारखी सही करायचे: तपासले.

"तुम्ही काय तपासलंत? तुम्ही तर इथेच बसलेले," आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

"तिचा शब्द तपासला," बाबा म्हणायचे.

हे वाक्य मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात आम्ही दोघंच होतो आणि आम्हाला काम जमायला लागलं होतं. एक ते सहा ऑगस्टपर्यंत झाले. ज्या रानात दोन वर्षांपूर्वी पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं, तिथे बाच्या म्हशी पुन्हा तोंड खाली घालून चरायला लागल्या. मी त्यांचा फोटो काढून बाबांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून म्हशींच्या पायांशी काय उगवलंय ते पाहिलं.

राहिला सात. तिथे रेतीखाली कपची होती आणि कपचीत मुळं अशी अडकलेली की झाड ओढलं की वरच्यावर तुटायचं आणि चार दिवसांत तिथूनच चार फांद्या फुटायच्या. प्रत्येक गड्ड्याभोवती खडी उकरावी लागायची. दोघांनी एका रविवारी केलं तर खाटेएवढी जागा व्हायची. त्यातच नवऱ्याची कंबर धरली. कचेरीत तपासणी लागली, दोन रविवार मी फायलींत घालवले. सप्टेंबर निम्मा सरला, फुलं आली.

इकडे बाबांनी आईकडून आपले कॅनव्हासचे बूट कपाटातून काढवून घेतले होते, धुवून गॅलरीत वाळवले होते. जेवण कमी झालं होतं. औषधांनी तोंडाची चव गेली होती, हृदयही कमकुवत झालं होतं आणि त्याचे डॉक्टर आता नाखूश होते. पण रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न, "सात?"

"होतंय, बाबा."

"किती राहिलं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे? किती खाटा?" मीच कधीतरी खाटेचं माप सांगितलं होतं.

एका रविवारी आम्ही गेलोच नव्हतो. नवरा फिजिओथेरपीला, मी घरी. संध्याकाळी आईबाबांकडे गेले. बाबांनी वही उघडलेली होती, पेन्सिल टोक करून ठेवलेली. त्या आठवड्यात त्यांचे पाय सुजले होते, सकाळी हजेरीचा फोनही आला नव्हता. त्यांनी विचारलं, "सात?"

मी वही माझ्याकडे ओढली आणि सातपुढे टिकली केली.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी न झालेल्या कामावर टिकली केलेली नाही. साहेबांनी सांगितलं तरी केली नाही. त्या दिवशी केली. मनात हिशेब साधा होता: पुढच्या रविवारी मजूर लावून खरंच करून टाकू, तोवर या माणसाने एक आठवडा सुखाने जेवावं. कुणाला कळणार होतं?

बाबांनी टिकली पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा टिकली. "पूर्ण?"

"पूर्ण."

त्यांनी सही केली. तपासले. आईला हाक मारली, "अगं, सात झाला!" आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "म्हणजे आता मला त्या रानात राहायला नेणार का? मी नाही येत, सापाबिपाचं बघा आधी." त्या रात्री त्यांनी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मला चांगलं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरोखर चांगलं वाटलं होतं.

बुधवारी कचेरीत साडेअकराच्या सुमारास बाचा फोन आला. तिने मला कधीच फोन केला नव्हता, नंबर फक्त अडीअडचणीला देऊन ठेवलेला.

"बेन, मोटाभाई अहीं छे," ती म्हणाली. मोटाभाई इथे आहेत. "सवारना." सकाळपासून.

आईला ते बागेत फिरून येतो म्हणाले होते. शटल रिक्षाने पादऱ्यापर्यंत, तिथून दुसऱ्या रिक्षाने गावापर्यंत, फाटकापासून पायी. कॅनव्हासचे बूट घालून. जमीन साफ आहे या भरवशावर. टिकली होती, सही होती.

मी पोचले तेव्हा ते सातमध्ये उकिडवे बसलेले होते. डावा हात मागे कमरेवर. भोवती छातीएवढं गवत, सगळं फुललेलं, त्यात फक्त त्यांची पांढरी टोपी दिसत होती. मागे उपटलेल्या झाडांची रेघ होती. सरळ. मुळं आभाळाकडे. बा बांधावर उभी होती, हातात छासचा तांब्या. त्यांनी तो घेतला नव्हता.

"बाबा, उठा."

त्यांनी वर पाहिलं. पापण्या तेव्हाच जड झाल्या होत्या. मला वाटलं ते ओरडतील. गँगवरच्या माणसांवर ओरडायचे तसे. मी त्यासाठी तयारही होते.

ते म्हणाले, "खुरपं आणलंस का? इथे नुसत्या हाताने मूळ येत नाही."

"बाबा, मी..."

"कपची आहे ना खाली. त्यामुळे."

मी त्यांना काखेत हात घालून उठवलं. ते किती हलके झाले होते हे मला तोवर कळलं नव्हतं. गाडीपर्यंत ते चालले, बसताना बूट एकमेकांवर आपटून माती झाडली. वासण्याच्या वळणावर म्हणाले, "आईला सांगू नकोस." काय सांगायचं नाही, त्यांचं जाणं की माझी टिकली, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांचे डोळे उघडत नव्हते. चेहरा, मान, छाती, सगळं सुजून ओलसर झालं होतं. नऊ दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, "काका, सांगितलं होतं ना?" बाबा म्हणाले, "चूक झाली." फक्त एवढंच. मी पलंगाच्या पायाशी उभी होते, हातात औषधांची यादी.

बरे होऊन ते घरी आले. पण नंतर त्यांनी सातबद्दल कधी विचारलं नाही. रविवारी सात पंचवीसला फोन वाजला नाही. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही उगीच फाटकापर्यंत गेलो. वाळलेली झाडं कापून जाळायची होती. मी फोन बॉनेटवर ठेवला आणि पावणेआठपर्यंत वाट पाहिली. मग नवरा म्हणाला, "अगं, चल. ऊन होईल."

मी माफी मागितली नाही असं नाही. एकदा त्यांच्या पायांना मलम लावताना म्हटलं, "बाबा, टिकली मी खोटी केली." त्यांनी पाय मागे घेतला नाही. म्हणाले, "माहीत आहे. मी तपासली." मग म्हणाले, "मुकादमाने पुढे जाऊन बघायचं असतं. घरी बसून सही केली, ती माझी चूक." ते मला सोडवत होते की स्वतःला पकडत होते, मला कळलं नाही. मी मलमाच्या ट्यूबचं झाकण लावलं आणि ती टेबलावर ठेवली. तेव्हा आणखी काही बोलायला हवं होतं.

जानेवारीत ते गेले. हृदय थांबलं, दुपारी, झोपेत. कातडीचा त्याच्याशी संबंध नाही, असं दोन्ही डॉक्टरांनी मला वेगवेगळं सांगितलं. मी दोघांनाही विचारलं होतं.

तेराव्यानंतर कपाट आवरताना वही सापडली. माझ्याकडे त्या कपाटाची यादी होती. बूट, चष्मे, पेन्शनची कागदं, खिशातून कधीच बाहेर न आलेले रबरी हातमोजे, घडी तशीच. वही शेवटची होती. उघडली. सातपुढच्या माझ्या टिकलीवर एक आडवी रेघ होती. खालच्या त्यांच्या "तपासले" वरही. रेघा नेहमीसारख्या सरळ नव्हत्या, अक्षरं ओळीबाहेर गेली होती. डोळे सुजलेले असताना लिहिलेलं असणार. तारीख त्या बुधवारची.

हजर: एक. काम: भाग सात, तीन हात लांब, दोन हात रुंद. मुळासकट. बाकी: उरलेला सात.

मी वही आईला दाखवली. तिने चष्मा लावून वाचली, परत दिली आणि म्हणाली, "मला ठाऊक होतं. त्या दिवशी बुटांना माती होती. मी धुतले." मग म्हणाली, "त्यांना विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं." आमच्या घरात सगळे एकमेकांना वाचवत होते, आणि तो माणूस एकटा उन्हात बसून गवत काढत होता.

यंदा जुलैत आम्ही पुन्हा गेलो. भाऊ सुरतेहून आला, भावजय आली, तेच पांढरे हातमोजे घालून. आई पहिल्यांदाच आली, प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन, फाटकाजवळ बसली. सात पंचवीस झाले. सगळे ओळीत उभे राहिले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. भाऊ म्हणाला, "ताई, घे ना हजेरी." मी वही उघडली, तारीख लिहिली. पहिला शब्द मुकादम. तो लिहिला आणि पुढे माझ्याने जाईना. आई खुर्चीतून म्हणाली, "गैरहजर लिही. कारण लिहू नकोस."

तसं लिहिलं.

चार रविवारांत एक ते सहा झाले. यंदा उगवण कमी आहे, बियांचा साठा संपत आलाय असं दिसतं. मी प्रत्येक भागापुढे टिकली केली, आणि टिकली करण्याआधी स्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. सही करायला कुणी नाही, ती जागा कोरी आहे.

सातमध्ये पानांच्या चकत्या आल्या आहेत, चारही विटांच्या आत, दाट. फक्त एका जागी कमी आहेत. तीन हात लांब, दोन हात रुंद. तिथे साधं गवत उगवलंय, आणि परवा बाची म्हैस तेवढ्याच तुकड्यात तोंड घालून उभी होती. नवरा म्हणतो, मजूर लावून एका दिवसात करू. भाऊ म्हणतो, पोकलेन आणून रेती-कपचीसकट उचलून टाकू, आता तिथे घर थोडंच व्हायचंय. दोघांचंही बरोबर आहे. मी दोघांना थांबवलंय.

खुरपी दोन धार लावून ठेवली आहेत. कपची उकरायला लहान पहार घेतली आहे. हातमोजे पाच जोड. फुलं यायला फार तर तीन आठवडे आहेत. गेले दोन रविवार मी फाटकापर्यंत गेले, पाणी ठेवलं, सातच्या विटेपर्यंत चालत गेले आणि परत आले. वहीत दोन्ही दिवस नोंद आहे.

भाग सात. बाकी.